थांबणारी बाटली, न थांबणारी द्राक्षे

डिसेंबर 2023 मध्ये सासूबाईंच्या आग्रहाखातर आम्ही सगळे उज्जैनला गेलो होतो. महाकालाचे दर्शन घ्यायचे आणि मग कालभैरवाला जायचे, हा तिथला रिवाजच. क्षिप्रेच्या काठच्या त्या देवळाबाहेर नारळ, फुले यांच्या परडीतच दारूची बाटली विकायला होती. आत पुजारी बशीत दारू ओततात, बशी देवाच्या ओठांना लावतात, बशी रिकामी होते आणि उरलेली बाटली प्रसाद म्हणून हातात परत येते. (1 एप्रिल 2025 पासून उज्जैन महापालिकेच्या हद्दीत दारूविक्रीला बंदी आहे.) आयुष्यभर घरात बाटली येऊ न दिलेल्या आमच्या सासूबाई डोक्यावर पदर घेऊन हात जोडून उभ्या होत्या.

माझा मेहुणा मात्र गप्प होता. तो विजापूरजवळ तिकोट्याला द्राक्षे पिकवतो. बाहेर आल्यावर त्याला बरे वाटावे म्हणून मी माझी मास्तरकी सुरू केली. म्हटले, या उज्जैनचे आणि द्राक्षाच्या मद्याचे नाते दोन हजार वर्षांचे आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाचे प्रवासवर्णन लिहिले. त्यात उज्जैनला 'ओझेनी' आणि भडोचला 'बॅरिगाझा' म्हटले आहे. उज्जैनहून मलमल आणि अकीक भडोच बंदरात उतरत. बंदरात येणाऱ्या मालात मद्याचे नाव आहे, आणि त्यातही मागणी इटलीच्या मद्याला जास्त! राजासाठी उंची मद्य वेगळे येई. आपल्या शेजारच्या तेरचा माल गाड्यांतून याच बंदराला जात असल्याची नोंदही त्यात आहे.

मेहुण्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "दाजी, मद्य जहाजात बसून आलं. द्राक्षी कायंगिल्लरी."

द्राक्ष थांबत नाही. त्याला हे कशावरून सुचले ते मला माहीत होते. 2006 मध्ये त्याने एका कंपनीशी करार करून चार एकरांत वाइनची द्राक्षे लावली होती. 2001 च्या महाराष्ट्राच्या धोरणानंतर वाइनचा बोलबाला झाला होता, त्याचे वारे सीमेपलीकडेही पोचले होते. 2008 नंतर मंदी आली, पर्यटन आटले, वाइनचा खप घसरला. 2009 च्या हंगामात कंपनीची गाडी आलीच नाही. वाइनची द्राक्षे बारीक, जाड सालीची, बियांची. बाजारात कोणी घेईना, बेदाण्यालाही चालेनात. घड वेलीवरच सुकले. पुढच्या वर्षी त्याने बाग तोडली. कुऱ्हाड चालवताना तो रडला, असे माझी बायको सांगते. तो स्वतः कधी बोलला नाही.

आता गोष्ट आमच्या सोलापूर जिल्ह्याची. माळशिरस तालुक्यात अकलूजच्या परिसरात फ्रातेल्ली नावाची वाइनरी आहे. इटालियनमध्ये फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा तीन घरांतल्या भावांनी ती उभी केली. वाइन करायला टस्कनी प्रांतातले जाणकार पिएरो मासी आले. रोपे फ्रान्सहून आणली. भडोचच्या बंदरात बुधल्यांतून उतरणारी इटलीची विद्या अशी दोन हजार वर्षांनी अकलूजच्या मातीत आली!

त्यांची मानाची वाइन म्हणजे 'सेत्ते', अर्थात सात. सांजोवेझे आणि काबर्ने सोव्हिन्यों या दोन लाल जातींचे हे मिश्रण. सांजोवेझे टस्कनीचीच, तिच्यात आंबटपणा आणि सुगंध. काबर्नेच्या जाड सालीत रंग आणि तुरटपणा. रस सालींसकट आंबवतात, म्हणून लाल रंग येतो. मग ती फ्रेंच ओकच्या पिंपात वर्षाहून अधिक काळ राहते आणि नंतर बाटलीत मुरते. पुण्यात एका मित्राकडे मी सात-आठ वर्षे मुरलेल्या बाटलीतली दोन घोट चाखली आहे. रंग विटेकडे झुकलेला, तळाला गाळ, तुरटपणा मऊ झालेला आणि वास सुकलेल्या जांभळाचा. जुन्या लिंबाच्या लोणच्याचा खार जसा निवतो, तसे काहीसे.

पण या 'मुरण्या'चा अर्थ मला उज्जैनला कळला. मुरणे म्हणजे थांबणे, आणि थांबायला पैसा लागतो. पिंपात पडून असलेली वाइन म्हणजे अडकलेले भांडवल. ज्याच्याजवळ तळघर आहे, त्याचा माल दिवसागणिक मोलाचा होतो. ज्याच्याजवळ फक्त वेल आहे, त्याचा माल दिवसागणिक मातीमोल होतो. अकलूजकरांनी शेकडो एकर बाग स्वतःची ठेवली, म्हणून त्यांची द्राक्षे परक्या गाडीची वाट पाहत बसत नाहीत. मेहुण्याचा वेल एकाच गिऱ्हाइकाला बांधलेला होता. हा फरक जातीचा नाही, मातीचा नाही, थांबण्याच्या ऐपतीचा आहे.

म्हणून वाइनच्या बाजूने किंवा विरुद्ध वाद घालणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे मी पाहिली आहेत, तेव्हा सासूबाईंचा नियम मला मान्य आहे. पण 'शेतकऱ्याच्या भल्यासाठी वाइन' असे कोणी म्हणाले तर त्याला विचारावे: तोडणीची तारीख करारात आहे का? गाडी आली नाही तर भरपाई कोण देणार? पिंपातल्या वाढत्या मोलात वेलवाल्याचा वाटा किती?

मेहुण्याने त्याची वाट शोधली आहे. आता तो थॉमसन लावून बेदाणा करतो. शेडमधल्या जाळीवर पंधराएक दिवसांत माल सुकतो, भाव पडला तर कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवतो आणि चढला की काढतो. आता तोही थांबू शकतो.

त्या दिवशी देवळाबाहेर त्याने बाटलीची परडी घेतली नाही. खिशातून घरच्या बेदाण्याची पुडी काढली, आत गेला आणि देवापुढे ठेवली. पुजाऱ्यांनी मूठभर ठेवून घेतले, उरलेले परत दिले. परतीच्या गाडीत सासूबाईंनी ते सगळ्यांना वाटले आणि लेकाला म्हणाल्या, "छलो आग्यावप्पा." छान झालेत रे.