आमटी खारट झाली तर

भगिनींनो, दोघी जणी एका चुलीशी राबत असल्या की आमटीत कधी तरी दोनदा मीठ पडतेच. मग जेवायला बसल्यावर कोणी तोंड वाकडे करतो, कोणी ताट सरकवून उठतो. (उठणाऱ्यांनीही हे वाचावे.) पण पाव किलो तूरडाळ मोरीत ओतणे आपल्या घरांना परवडणारे नाही.

सगळ्यांना ठाऊक असलेला उपाय बटाट्याचा. बटाटा मीठ ओढून घेतो असे आपण आजीपासून ऐकत आलो. आमचे म्हणणे, त्यावर फार भरवसा ठेवू नये. बटाटा नुसते मीठ वेचून घेत नाही, तो खारट पाणी शोषतो. उरलेला रस्सा जवळजवळ तितकाच खारट राहतो. कणकेच्या गोळ्यांचेही तेच. म्हणून बटाटा काढून टाकू नये, आमटीतच खावा. तेवढेच मीठ जास्त घासांत वाटले जाते.

खरा उपाय हिशेबाचा आहे. चार वाट्या आमटीत सहा वाट्यांचे मीठ पडले असेल तर आणखी दोन वाट्या बिनमिठाचे काही त्यात गेलेच पाहिजे. नुसत्या पाण्याने आमटी पाणचट होते. थोडी डाळ बिनमिठाची शिजवून, घोटून घालावी. डाळ नसेल तर वाटीभर आमटी बाजूला काढावी, तेवढे गरम पाणी आणि शेंगदाण्याचे कूट घालावे. काढलेल्या आमटीत पाणी वाढवून संध्याकाळी पिठले करावे, त्यात वेगळे मीठ नको. सुक्या भाजीत उकडलेला बटाटा कुस्करावा. सोबतीला बिनमिठाची भाकरी असावी.

चिंच-गुळाने खारटपणा झाकतो, पण मीठ पोटात जातेच. घरात रक्तदाबाचे माणूस असेल तर अशी झाकलेली आमटी त्याला वाढू नये, त्याची वाटी वेगळी करावी. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे चहाचा सपाट चमचाही भरत नाही, आणि त्यात पापड, लोणचे, खारी मासळी सारे आले. तेव्हा मीठ घालण्याआधी चाखावे. नैवेद्याआधी चाखू नये ही रीत आपल्याकडे नाहीच.

मटणाचा रस्सा तिखट झाला तर गोष्ट वेगळी. मिरचीचा तिखटपणा पाण्यापेक्षा तेलात जास्त उतरतो. म्हणून आधी वरचा तवंग पळीने काढून घ्यावा. तो उद्याच्या फोडणीला चालतो. मग भाजलेले खोबरे-तीळ वाटून घालावेत. मुलांचे तोंड भाजले तर पाण्याच्या तांब्यापेक्षा दही द्यावे.

करपलेल्या फोडणीला मात्र इलाज नाही. ती डाळीवर पडण्याआधीच ओतून द्यावी. दोन चमचे तेल जाईल, डाळ वाचेल.