ठासणीची बंदूक आणि साहेबाची सही



१८७८ साली लिटनसाहेबाने हत्यारांचा कायदा केला. गोऱ्यांना सूट, आपल्याला परवाना! तो रद्द करा, अशी स्वातंत्र्य चळवळीची मागणी होती. तो १९५९ च्या कायद्याने रद्द झाला. या नव्या कायद्याच्या कलम १३ मध्ये पीक राखायला ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे.

हाही कायदा मोडीत काढा, असे म्हणणारे आहेत. आम्ही तसे म्हणत नाही. बंदुका मोकाट झाल्या तर त्या आधी गावगुंडांच्या हाती जातील आणि मरेल तो गरीबच.

पण कायदा ठेवायचा तर तो शेतकऱ्याच्याही कामी यावा. बंदुकीचा परवाना असला तरी रानडुकरावर बार टाकायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वेगळी परवानगी लागते. डुकरांचा कळप एका रात्रीत ज्वारी लोळवतो. तो सहीसाठी थांबत नाही.

आमची मागणी साधी आहे. दोन्ही परवानग्या एकाच अर्जावर, तालुक्याच्या गावी, पेरणीआधी द्या. नाहीतर नुकसानीची पुरी भरपाई द्या. तेही जमत नसेल तर साहेबांनी स्वतः आमच्या धुऱ्यावर जागलीला यावे!