सुई टोचणाऱ्याचाही सातबारा पाहा

बियाण्याची पिशवी घेताना आपण टॅग पाहतो, लॉट नंबर पाहतो, पक्की पावती मागतो. कीटकनाशकाच्या बाटलीवरची अंतिम तारीख वाचतो. जमीन घ्यायची म्हटली तर सातबारा पाहिल्याशिवाय इसारही देत नाही. पण घरातल्या पोरीच्या चेहऱ्यात सुई टोचणाऱ्याला "तुमची डिग्री कोणती?" एवढे विचारायला आपली जीभ रेटत नाही.

लग्नसराई जवळ आली की मोबाईलवर जाहिराती सुरू होतात. गोरे करणारे इंजेक्शन, सुरकुत्या घालवणारे बोटॉक्स, ओठ-गाल भरणारे फिलर, केस उगवण्यासाठी डोक्यात टोचायचे स्वतःचेच रक्त. या वाटेला नवरीच जाते असे नाही, नवरदेवही जातात. हौस करू नये असे कोण म्हणेल? पण हा पावडर-कुंकवाचा मामला नाही. कातडीच्या आत गेलेली वस्तू पुसून काढता येत नाही.

धोका काय, तो नीट समजून घ्या. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेले तर तिथली कातडी मरते, क्वचित कायमची दृष्टी जाते. अशा वेळी उतारा देणारे औषध हाताशी लागते आणि ते वापरणारा माणूसही लागतो. बोटॉक्सचे औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. लाळ-खुरकताची लस बर्फाच्या पेटीतून न येता खिशातून आली, तर आपण ती जनावराला टोचू देत नाही. मग माणसाला का? गोरे करणाऱ्या इंजेक्शनचे तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्येच सांगून टाकले की, अशा कोणत्याही इंजेक्शनला आम्ही मान्यता दिलेली नाही.

सुई कशी घात करते ते उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊ भागाने २०१८ मध्ये पाहिले. स्वस्तात इंजेक्शन देणाऱ्या एका बोगस डॉक्टरने एकच सुई अनेकांना वापरल्याचा आरोप झाला आणि चाळीसच्या आसपास लोकांना एचआयव्हीची लागण झाल्याचे तपासणीत निघाले. हे खेड्यातच घडते असेही समजू नका. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात विनापरवाना चालणाऱ्या एका सौंदर्यकेंद्रात चेहऱ्यावर रक्त टोचून घेतलेल्या महिलांना एचआयव्ही झाला. रक्ताच्या नळ्या तिथे स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये अन्नाशेजारी सापडल्या. हा अहवाल २०२४ साली तिथल्या सरकारी यंत्रणेनेच प्रसिद्ध केला.

आता आपल्या नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारकडे पाहा. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आणि पाण्याचा ताळेबंद यांसाठी हे गाव सगळ्यांना माहीत आहे. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने याच गावाने लग्नाआधी एचआयव्ही तपासणीचाही नियम केला. लग्नाच्या घरी असला विषय काढणे अवघड. पण गावाने तो ग्रामसभेत उघडपणे काढला. ज्या लग्नासाठी रक्त तपासून घ्यायचे, त्याच लग्नाच्या तयारीत कुणाचीही सुई टोचून घ्यायची, याला शहाणपण कसे म्हणावे?

तेव्हा जाण्याआधी एवढे कराच. डॉक्टर त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन आहे का, ते विचारा. ब्युटी पार्लरचा कोर्स म्हणजे वैद्यकीय पदवी नव्हे. भिंतीवरच्या प्रमाणपत्राच्या चौकटीला भुलू नका. दवाखान्यात आणि चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. तो लिहून घ्या आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या यादीत पडताळा. गावात शिकलेले पोर असेल तर मोबाईलवर पाच मिनिटांचे काम आहे. सुईचे पाकीट आणि औषधाची सीलबंद बाटली आपल्यासमोर फोडायला सांगा, नाव, बॅच व तारीख वाचा, पक्के बिल घ्या. काही बिघडले तर काय करणार, हेही आधीच विचारा. या प्रश्नांचा ज्याला राग येतो, त्याच्या दारातून सरळ माघारी फिरा. घरी येऊन टोचतो, हॉटेलात शिबिर लावलेय, आजच निम्म्या पैशांत करतो, असे म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. टोचल्यावर असह्य दुखले, कातडी पांढरी-निळी पडली किंवा नजर अंधुक झाली, तर सकाळची वाट न पाहता मोठा दवाखाना गाठा.

सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांनाही एक विनंती. नोंदणी नसताना डॉक्टरकी करणे हा महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१ च्या कलम ३३ नुसार गुन्हा आहे. गावात असा कोणी आला तर "आपल्याला काय करायचंय" म्हणू नका. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. पुढच्या ग्रामसभेत आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलवा आणि दहा मिनिटे या विषयाला द्या.

बोगस बियाण्याने एक हंगाम बुडतो, दुबार पेरणी करता येते. चेहऱ्याला आणि डोळ्याला दुबार पेरणी नाही.