एकट्याने निघायचं तर आधी पांढुर्णा

गोव्यात वाढलेल्या माणसाला एकटा प्रवासी नवीन नाही. पाठीवर भलीमोठी सॅक घेऊन पायलटशी भाड्यावरून घासाघीस करणारे गोरे तरुण-तरुणी आपण १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून पाहत आलो आहोत. हणजुणे, हरमल, पाळोळे ही आपली गावं जगभरच्या एकट्यांना तोंडपाठ आहेत. स्वस्त, सुरक्षित आणि उबदार मुलूख म्हणून ते इथे येतात. गंमत म्हणजे आपण स्वतः मात्र क्वचितच एकटे निघतो. आपला प्रवास म्हणजे लग्नाचं वऱ्हाड, नाहीतर देवदर्शनाची बस! आणि घरातल्या एखाद्या मुलीने वा मुलाने एकट्याने जायचं ठरवलंच, तर नाव निघतं ते थेट बाली, थायलंड किंवा श्रीलंकेचं.

जावं, जरूर जावं. पण माझं मत असं की पहिली फेरी पांढुर्णा-सौंसरची करावी.

कुठे आलं हे? सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, नागपूरच्या वर, मध्य प्रदेशात. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाड्याबरोबर हे दोन तालुके मध्य प्रदेशातच राहिले. २०२३ मध्ये दोन्ही मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. सरकारी कागद हिंदीत, घरात आणि बाजारात मराठी. १९६७चा जनमत कौल आणि १९८७चा राजभाषा कायदा ज्यांच्या घरात वादाचा विषय होता, त्या आपल्यासारख्यांना हे निराळं समजावून सांगायला नको. आणि हो, हा मुलूख कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. म्हणजे उष्ण कटिबंध हवा असेल तर तो पासपोर्टाशिवाय इथेही मिळतो.

एकट्या माणसाला परक्या ठिकाणी खरी भीती चोराची नसते. आजूबाजूचे काय बोलताहेत हे कळत नाही, याची असते. पांढुर्ण्याच्या स्टँडवर 'काहून', 'मले', 'येऊन राहिला' अशी मराठी कानांवर पडेल. आपल्याला ती थोडी अडखळत कळेल, आपली त्यांना थोडी गमतीची वाटेल. पण शेवटची बस गेली की आहे, हे कुणालाही विचारता येईल. परकेपणा आहे, पण हाताबाहेरचा नाही. शिकाऊ प्रवाशाला एवढाच हवा असतो.

कुणी म्हणेल, भाषा कळली म्हणून माणसं चांगलीच निघतील कशावरून? बरोबर आहे. विशेषतः एकट्या मुलीने भाषेच्या भरवशावर बेसावध राहू नये. म्हणून काही नियम. नव्या गावी दिवसाउजेडी पोचायचं. पहिल्या रात्रीची खोली आधी ठरवून, फोनवर बोलून खात्री करून घ्यायची. लहान गावात लॉज मोजके असतात आणि सगळेच एकट्या बाईच्या सोयीचे नसतात. तसं वाटलं तर नागपुरात मुक्काम ठेवून दिवसा फिरून यावं, त्यात कमीपणा नाही. रोजचा बेत घरच्या एकाच माणसाला कळवायचा. दहा जणांना कळवलं की कुणीच लक्ष ठेवत नाही. रेल्वेत १३९ आणि एरवी ११२ हे क्रमांक पाठ असावेत. पैसे दोन ठिकाणी ठेवावेत आणि परतीच्या भाड्याला हात लावू नये.

वाट सोपी आहे. वास्कोहून निघणारी गोवा एक्सप्रेस इटारसीला जाते. तिथून नागपूरकडे येणारी, पांढुर्ण्याला थांबणारी गाडी आधी पाहून ठेवावी, कारण सगळ्या थांबत नाहीत. वाटेत तापीचं उगमस्थान मुलताई लागतं. सौंसर नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर आहे. सौंसरजवळच्या जाम सावळीला निजलेल्या मारुतीचं देऊळ आहे. मंगळवार-शनिवारी गर्दी, इतर दिवशी निवांत. खर्च कमी व्हायचं कारण साधं आहे: इथे पर्यटकांचा वेगळा दर नाही. गावकरी ज्या दरात जेवतात आणि बसने जातात, त्याच दरात आपणही.

जायचं हिवाळ्यात. नोव्हेंबरपासून संत्र्यांनी लगडलेल्या बागा दिसतात. एप्रिल-मेचं ऊन आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला सोसत नाही. आपल्याकडे घाम येऊन अंगाला चिकटतो. तिथे तो येतो तसा सुकतो आणि शरीरातलं पाणी कधी संपलं ते कळतच नाही.

आता मुद्द्याचं. पांढुर्ण्याचं नाव बाहेर माहीत आहे ते गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड झेंड्यासह रोवतात आणि पांढुर्णा व सावरगाव ही दोन काठांवरची माणसं एकमेकांवर दगडफेक करतात. वर्षाला शेकडो जखमी होतात, जीवही गेले आहेत. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले, लोकांनी हाती पुन्हा दगडच घेतले. एकट्याने हे 'बघायला' जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दगड पाहुणा ओळखत नाही. त्या दिवशी दवाखाने आधीच भरलेले असतात आणि आपल्या बाजूने धावणारं कुणी नसतं. २०२५च्या मे महिन्यात शिरगावच्या लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन माणसं दगावली. आपल्याच गावची, वाट माहीत असलेली गर्दी अशी उलटू शकते, तर परक्या गर्दीचं काय सांगावं? दुसरं असं की ज्या घरातला मुलगा त्या पात्रात उतरलेला असतो, त्या घराला तो तमाशा नसतो. गोटमारीबद्दल विचारायचं तर जानेवारीत, चहाच्या टपरीवर बसून विचारावं. तेव्हा लोक निवांत बोलतात, आणि प्रथा बंद व्हावी की नाही यावर गावातच किती मतं आहेत, तेही कळतं.

मुलांना परदेशी एकटं पाठवायला आपण घाबरतो आणि मुलं हट्टाने निघतात. या दोहोंच्या मधली वाट म्हणजे असे चार दिवस. जी मुलगी सौंसरहून शेवटची बस धरून अंधारापूर्वी नागपूरला पोचली, पैशाचा हिशेब जमवून घरी आली, तिला कोलंबोला जाऊ देताना आईबापांनी फार आढेवेढे घेऊ नयेत.