खरवस मागून, आधी वासराचा चीक!

आज थोडं कडू बोलतो. राग आला तरी शेवटपर्यंत वाचा.

आपल्या वाशिम जिल्ह्यात अजूनही कितीतरी गोठ्यांत गाय व्याली की म्हातारी माणसं बजावतात, "वार पडल्याशिवाय वासरू थानाले लावू नका." वार पडायला आठ-दहा तास लागू शकतात. तोवर वासरू उपाशी आणि पहिला चीक खरवसाच्या पातेल्यात! पुढं वासरू हगवणीनं मेलं की आपण म्हणतो, नशीब खराब. नशीब काहून, भाऊ? त्याच्या हक्काचं आपणच खाल्लं ना!

गाईची वार रोगाशी लढणारी प्रतिपिंडं पोटातल्या वासराला पोचू देत नाही. वासरू जन्मतं ते कोरंच. त्याला मिळायचं ते चिकातूनच मिळतं. त्याची आतडी ही प्रतिपिंडं जन्मल्यावर थोडेच तास शोषून घेतात. सहा तासांनी ती ताकद झपाट्यानं कमी होते, २४ तासांत संपते. दुसऱ्या दिवशी बादलीभर पाजून उपयोग नाही.

खरवस थिजतो कशानं? चिकातल्या प्रथिनांनी. वासराला वाचवणारी प्रतिपिंडं त्यातच असतात. आपण तीच उकडून खातो.

"मंग वारेचं काय?" वासरानं थान ओढलं की पान्हा सोडणारं संप्रेरक सुटतं. तेच गर्भाशय आकसवतं आणि वार पडायला मदत करतं. म्हणजे आपला रिवाज पार उलटा आहे.

"चिकानं वासरू हगते" हेही ऐकतो. बहुतेक वेळा हगवतं ते घाणेरडी बाटली, थंड दूध आणि एकदम ढोसलेलं दूध.

हिशोब सोपा आहे. वजनाच्या दहाव्या भागाइतका चीक. २५ किलोच्या वासराला पहिल्या दिवशी अडीच लिटर, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. गोऱ्हा असला तरी तेवढाच. बैल कोणी घेत नाही म्हणून त्याला उपाशी मारायचं, हे शेतकऱ्याला शोभत नाही.

माय मेली किंवा थानाला घेत नसेल तर दुसऱ्या ताज्या व्यालेल्या निरोगी गाईचा चीक आणा. उरलेला चीक बाटलीत भरून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा, लागला की कोमट पाण्यात बाटली ठेवून पातळ करा. चुलीवर ठेवला तर खरवसच होईल! वासराला उभं ठेवून निपलच्या बाटलीनं, मान जराशीच वर करून पाजा. नळीनं किंवा तांब्यानं घशात ओतू नका, दूध फुप्फुसात जातं. दूध अंगाइतकं कोमट, दिवसातून दोन-तीनदा, आणि बाटली दर वेळी गरम पाण्यानं धुतलेली.

पशुवैद्यक आणि कृषी अधिकारी मंडळींनाही सांगणं आहे. करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रापासून गावच्या दवाखान्यापर्यंत दूधवाढीबद्दल बोलता, तसं व्यायल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांबद्दलही बोला. आज जगलेली कालवडच उद्याची दुभती गाय आहे.

खरवसाला माझा विरोध नाही. वासराचं पोट भरून उरलं तर करा, शेजाऱ्यालाही वाटीभर द्या. पण पहिली धार वासराचीच.