पांढरी साडी आणि इंग्लंडमधलं लग्न



आपल्या महिला मंडळात गेल्या दोन वर्षांत तिसऱ्यांदा हाच प्रश्न आला, म्हणून एकदा लिहूनच काढते. "इंग्लंडला लग्नाला जायचंय, काय नेसू?" पूर्वी असं विचारणारी बाई विरळा. आता कुणाचा भाचा लेस्टरला, कुणाची नात मँचेस्टरला, आणि लग्न तिथल्याच मुलीशी किंवा मुलाशी. पत्रिकेत खाली बारीक अक्षरात पोशाखाची एक ओळ छापलेली असते. ती वाचली की घरातल्या सगळ्यांना घाम फुटतो. मग मुलं मोबाईलवर शोधून याद्या पाठवतात : पांढरं नको, काळं नको, लाल नको, हॅट हवी. बायका बिचाऱ्या चार-पाच हजारांची पिसं लावलेली टोपी घ्यावी का, या विचारात पडतात.

माझं मत आधीच सांगते. आपण साडीच नेसावी, टोपीच्या नादी लागू नये, आणि पांढरं नेसू नये. या शेवटच्या नियमाला अपवाद कुणाचा, ते पुढे येईल.

पांढऱ्याचं कारण आधी नीट समजून घेऊ, कारण ते माहीत नसलं की नियम नुसता जाच वाटतो. तिकडे पांढरा हा नवरीचा रंग. पण ही काही फार जुनी रूढी नव्हे. व्हिक्टोरिया राणीचं लग्न १० फेब्रुवारी १८४० ला झालं, तेव्हा तिने लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये विणलेल्या पांढऱ्या रेशमी सॅटिनचा झगा घातला आणि त्यावर डेव्हनमधल्या होनिटनची लेस लावली. पांढरं घालणारी ती पहिली नवरी नव्हती, पण चित्रं घरोघर गेली आणि पुढे फॅशन पडली. त्याआधी साध्या घरातली नवरी आपला चांगल्यातला चांगला रंगीत झगा घालायची आणि तोच पुढे कितीतरी वर्षं समारंभाला वापरायची. मला ही जुनी रीत जास्त शहाणपणाची वाटते, पण ते असो. आज तिथल्या मुलीच्या मनात त्या एका दिवसाचा पांढरा रंग तिचा एकटीचा असतो. पाहुणीने तो घालणं म्हणजे आपल्याकडे नवरीच्या शेजारी दुसऱ्या कुणी मुंडावळ्या बांधून उभं राहण्यासारखं.

काही जणी म्हणतात, साडी म्हणजे काही गाऊन नाही, क्रीम साडी चालेल. मला नाही पटत. कपाटात पन्नास रंग असताना नेमका तोच का काढायचा? मोतिया, क्रीम, हस्तिदंती, सगळं त्यातच आलं.

काळ्याचं तेवढं कडक राहिलेलं नाही, तिथल्या बायका आता सर्रास काळं घालतात. आपल्याकडे लग्नात काळं तसंही कोण नेसतं? लालाबद्दल दोन मतं आहेत. गडद लाल आणि भरगच्च जरी असेल तर सगळ्यांच्या नजरा तिकडे जातात, म्हणून मी म्हणेन टाळा. निळा, हिरवा, जांभळा, आंबा कलर हे उत्तम.

आता अपवाद. माझ्या मोठ्या जाऊबाई, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, वय शहात्तर. भाऊजी गेल्यावर काही वर्षांनी त्यांनी महाराजांकडून सातवी प्रतिमा घेतली. तेव्हापासून पांढरी सुती साडी, तीही बिनकाठाची. त्यांचा एकुलता एक नातू इंग्लंडमध्ये वाढला आणि गेल्या जूनमध्ये तिथल्याच मुलीशी त्याचं लग्न ठरलं. पत्रिका आली, पाठोपाठ मुलांची यादी आली आणि घरात वादाला तोंड फुटलं.

पुतण्याचा मला फोन. "काकू, तुम्ही आईला सांगा. एकच दिवस फिकट निळी नेसली तर काय बिघडतं? कोण बघतंय?" मी अक्कांना सांगायला गेलेच नाही, कारण उत्तर मला ठाऊक होतं. धाकट्या सुनेने सांगून पाहिलं. अक्का शांतपणे म्हणाल्या, "मग मी येत नाही. आशीर्वाद इथूनही पोचतो." त्या रागावल्या नव्हत्या, म्हणूनच सगळ्यांना धास्ती वाटली. एका रंगासाठी आजी नातवाच्या लग्नाला नाही, हे पुढे जन्मभर दोन्हीकडे सलत राहिलं असतं.

‘एकच दिवस’ या शब्दांवर माझा आक्षेप आहे. व्रत घेतलेल्या माणसाला ‘एकच दिवस’ म्हणणं म्हणजे त्याच्या व्रताला हौस समजणं. रात्रिभोजनाचा त्याग केलेल्याला आपण असंच म्हणतो ना, आज लग्न आहे, एक दिवस चालतं. पण दुसऱ्या बाजूने आमच्या घरातली काही मंडळी म्हणत होती, "त्यांच्या खुळचट नियमांसाठी आपण का बदलायचं?" तेही मला पटलं नाही. मुलीकडचे लोक आपल्याला मानाने बोलावतात, त्यांच्या घरची रीत खुळचट आणि आपली तेवढी पवित्र, हा कुठला न्याय?

मी पुतण्याला एवढंच म्हटलं, बाबा, तू इंटरनेटला विचारलंस, तुझ्या सुनेला विचारलंस का? नियम तिचा आहे, मोडायची परवानगीही तीच देऊ शकते. त्याने व्हिडिओ कॉल लावला. मुलगी हसली. म्हणाली, हा नियम नवरीसारखं दिसू नये म्हणून आहे, आजी कुठे नवरीसारख्या दिसणार? त्यांनी यावं, तशाच यावं.

गंमत पुढेच. दोन दिवसांनी तिच्या आईचा निरोप आला. त्या बाईंनी कुठेतरी वाचलं होतं की हिंदुस्थानात पांढरं हे दुःखाचं वस्त्र असतं. आजींना हे लग्न मान्य नाही म्हणून त्या तसं नेसून येणार का, असं त्यांनी फार संकोचाने विचारलं होतं. आम्ही सगळे चकित! आम्ही त्यांच्या मानपानाचा विचार करत होतो आणि त्या बिचाऱ्या आमच्या नाराजीचा. मग त्यांना समजावून सांगितलं की विधवेचं पांढरं आणि व्रतीचं पांढरं यांत फरक आहे, आमच्या आर्यिका माताजीही पांढऱ्याच साडीत असतात, हे त्यागाचं वस्त्र आहे. मुलाने सुचवलं, लग्नाच्या कार्यक्रमपत्रिकेत तशी एक ओळ छापू या. अक्कांनी साफ नाही म्हटलं. "माझं व्रत काय जाहिरातीला आहे?" शेवटी मुलीच्या आईनेच आपल्या बहिणींना आणि नणंदांना तोंडी सांगितलं. अक्का गेल्या, शोधाच्या जेवणासाठी स्वतःचा कुकर आणि डाळ-तांदूळ घेऊन गेल्या.

म्हणजे बघा, व्रत आणि आवड यांत फरक करायला हवा. मला पांढरा रंग शोभतो, ही आवड झाली. ती एक दिवस बाजूला ठेवता येते, ठेवावी.

आता रेशमाकडे येते. माझ्या मते आपल्यासाठी खरा प्रश्न रंगाचा नाही, कापडाचा आहे. परदेशी लग्न म्हटलं की आपल्या बायकांचा हात पहिल्यांदा पैठणीकडे जातो. एका कोशात सुमारे किलोमीटरभर लांबीचा सलग धागा असतो, आणि तो तुटू नये म्हणून आतला जीव बाहेर पडण्याआधीच कोश उकळतात किंवा वाफेवर मारतात. एका साडीला असे हजारो कोश लागतात. आपण कुठे मारतो, असं म्हणून सुटका नाही, कारण आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदना असे तीन दरवाजे सांगितले आहेत. विकत घेऊन आपण दुसऱ्या दरवाजाने आत जातो आणि दुसरीच्या साडीला "काय सुंदर गं" म्हणून तिसऱ्या. आईची जुनी पैठणी असेल तर? यावर मंडळात बराच वाद झाला. माझी आईची पैठणी ट्रंकेत आहे, पावसाळ्यानंतर मी तिला वारा देते, नाहीतर आमच्या रत्नागिरीच्या दमट हवेत तिला बुरशी धरते. पण नेसून समारंभात मिरवत नाही, कारण बघणारीला तशीच नवी घ्यावीशी वाटते. तुमचं मत वेगळं असू शकेल.

हैदराबादच्या कुसुमा राजय्या यांनी पतंग बाहेर पडल्यानंतरच्या कोशांपासून ‘अहिंसा सिल्क’ तयार केलं, हे तुम्ही वाचलं असेल. राष्ट्रपती व्यंकटरमण यांच्या पत्नी जानकीबाईंनी जीव न मारता केलेली रेशमी साडी मिळेल का असं विचारलं, त्यातून त्यांना ही कल्पना सुचली. धागा तुटका असल्याने हाताने कातावा लागतो, म्हणून चमक कमी आणि किंमत जास्त. मला मात्र सुतीच बरं वाटतं.

सुतीतही सावध राहा. दुकानदार कॉटन म्हणून महेश्वरी आणि चंदेरी दाखवतो, पण त्यांतल्या पुष्कळ साड्यांत ताणा रेशमाचा असतो. इरकलच्या पदरात कधी रेशीम असतं, कधी रेयॉन. रेयॉन म्हणजे ज्याला ‘आर्ट सिल्क’ म्हणतात ते, लाकडाच्या लगद्याचं, त्यात किडा नाही. खऱ्या जरीच्या पोटातही रेशमाचा धागा असू शकतो. पदराचा एक सुटा धागा जाळून बघा, केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम किंवा लोकर, कागदासारखा आला तर सूत किंवा रेयॉन. मी रामआळीत तास दीड तास घालवून नारायणपेठ सुती घेतली, गडद हिरवी, लाल काठाची. दुकानातला मुलगा कंटाळला, पण त्याने धागा काढून दिला.

टोपीचा विषय. त्या लोकांत दिवसाच्या लग्नाला बायका हॅट किंवा केसांत खोचायची छोटी फॅसिनेटर घालतात. इंग्लंडमध्ये २०१२ पर्यंत लग्न सकाळी आठ ते संध्याकाळी सहा याच वेळात लावावं लागे. म्हणून लग्नाचा पोशाख हा दिवसाचा पोशाख, आणि टोपी त्यातलीच. (दिवसा लग्न, दिवसा जेवण! आपल्या कार्यालयांनी शिकण्यासारखं. शिवाय जूनमध्ये तिकडे सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो, चौविहार करणारीलाही निवांत जेवता येतं.) पण साडीवर टोपीची अपेक्षा कुणी करत नाही. त्या फॅसिनेटरवर बहुतेकदा खरी पिसं असतात, ते वेगळंच.

शिवाय हिशेबही बघा. मी कॉमर्सची, त्यामुळे डोक्यात तो येतोच. रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्राचार्यांनी भोग आणि उपभोग वेगळे केले आहेत. एकदा वापरून संपतं ते भोग, जसं अन्न. पुन्हा पुन्हा वापरता येतं ते उपभोग, जसं वस्त्र. एकाच लग्नासाठी घेतलेली टोपी किंवा गाऊन पुन्हा बाहेर निघतच नाही. म्हणजे वस्त्र असूनही तो भोगच झाला, आमच्या भाषेत भांडवली खर्च समजून केलेला महसुली खर्च. साडी पंधरा वर्षं निघते.

साडी नेसून गेलो तर आपण वेगळे दिसू, गावंढळ वाटू, ही भीती काही जणींना असते. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत आपले वीरचंद गांधी काठियावाडी पगडी घालून उभे राहिले, ते त्या पगडीसकटच लोकांच्या लक्षात राहिले. अलीकडचं सांगायचं तर ९ एप्रिल २००५ ला विंडसरला प्रिन्स चार्ल्स आणि कॅमिला यांचं लग्न झालं, त्याला मुंबईचे दोन डबेवाले, रघुनाथ मेदगे आणि सोपान मरे, पाहुणे म्हणून गेले होते. चार्ल्स २००३ मध्ये चर्चगेटला येऊन डबेवाल्यांना भेटले होते, ती ओळख. राजघराण्याच्या लग्नाला आपली माणसं गेली ती डबेवाले म्हणूनच गेली. मग आपल्याला कसला संकोच?

संकोच करायचाच तर दागिन्यांचा करावा. तिथे पाहुण्या बायका एखादी मोत्याची माळ आणि कानात काहीतरी, एवढ्यावर असतात. आपण पाटल्या, तोडे, राणीहार घालून गेलो की नवरी फिकी पडते. तसंही परिग्रहाचं प्रदर्शन परक्या घरी कशाला? मंगळसूत्र, बांगड्या, बस. मोती खरे नकोत, शिंपल्यातल्या जिवाचा प्रश्न आहेच.

राहिल्या चपला आणि थंडी. समारंभ पुष्कळदा हिरवळीवर असतो, टोकदार टाचा मातीत रुततात, आणि पाऊस कधीही येतो. सपाट किंवा रुंद टाचेची, चामड्याची नसलेली चप्पल घ्या, साडी दोन बोटं वर नेसा, निऱ्यांना दोन पिना जास्त लावा. जूनमध्येही सतरा-अठरा अंश असतं, आपल्याला ते पौषासारखं. ब्लाऊज लांब बाह्यांचा शिवा, आतून सुती गरम बनियन घाला. शाल घ्यायची तर जाड सुती मिळते, सोलापूरकडची. पुरुषांसाठी बंदगळ्याचा कोट पुरतो, आमच्या ह्यांनी तोच घातला आणि भाड्याच्या लांब शेपटीच्या कोटाचे पैसे वाचले.

लग्न जुलै-ऑगस्टमध्ये असेल तर मात्र चातुर्मासात जायचं की नाही, हे आधी घरात ठरवा. साडीचं नंतर बघू. ज्यांना सुती नारायणपेठ हवी आहे त्यांनी मला मंडळात भेटा, दुकान दाखवते.