गुडघेदुखीची गोळी आणि पोटाचे अस्तर

घरातील वडीलधाऱ्यांचे गुडघे दुखू लागले की वेदनाशामक गोळी घरात कायमची मुक्कामाला येते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही नावे आता सर्वांच्या ओळखीची आहेत. काही दिवसांनी पोटात जळजळ सुरू होते आणि "गोळी रिकाम्या पोटी घेतली म्हणून झाले," असे आपण म्हणतो. हे अर्धेच खरे आहे.

जठरातील आम्ल मटण पचवते, पण जठराला पचवत नाही, कारण त्याच्या अस्तरावर चिकट थराचे संरक्षण असते. हा थर आणि अस्तराचा रक्तपुरवठा प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये सांभाळतात. हीच द्रव्ये सांध्यात मात्र सूज आणि वेदना वाढवतात. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे ती तयारच होऊ देत नाहीत, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्यांत ते होते. म्हणजे गोळी सांध्याला आराम देते आणि त्याच वेळी पोटाचे कवच पातळ करते. हे रक्तातून घडते. म्हणून जेवणानंतर गोळी घेतली, आतड्यात विरघळणारी घेतली किंवा इंजेक्शन घेतले, तरी धोका पुरता टळत नाही.

मग औषधच बदलता येईल का? शरीरात ही द्रव्ये तयार करणारी दोन विकरे आहेत. कॉक्स-१ पोटाचे रक्षण करते, तर कॉक्स-२ मुख्यतः सुजेच्या जागी काम करते. फक्त दुसऱ्याला रोखणारी सेलेकॉक्सिब आणि रोफेकॉक्सिब ही औषधे १९९८-९९ च्या सुमारास आली. पोटातले व्रण कमी झाले. पण रोफेकॉक्सिबमुळे हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघाताचा धोका वाढतो असे दिसल्याने २००४ मध्ये ते बाजारातून काढून घेण्यात आले. सेलेकॉक्सिब आजही मिळते, पण हृदयरोग्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. औषधाला नायट्रिक ऑक्साइड सोडणारा भाग जोडून अस्तराचा रक्तपुरवठा टिकवण्याचाही प्रयत्न झाला. त्यातील नॅप्रॉक्सिनॉडला अमेरिकेत २०१० मध्ये मंजुरी मिळाली नाही. थोडक्यात, पूर्णपणे निर्धोक गोळी अजून हाती आलेली नाही.

तेव्हा काळजी आपणच घ्यायची. वय ६५ च्या पुढे असेल, पूर्वी अल्सर झाला असेल, रक्त पातळ करणारी औषधे किंवा स्टिरॉइड चालू असतील, तर दुकानातून परस्पर गोळी आणू नये. डॉक्टर अशा रुग्णांना आम्ल कमी करणारी गोळी सोबत देतात. ती सहसा जेवणाआधी घ्यायची असते. दोन वेदनाशामके एकत्र घेऊ नयेत. हृदयासाठी दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र मनाने बंद करू नये. रमजानात सहरी आणि इफ्तारच्या वेळांत औषधे कशी बसवायची, हे महिना सुरू होण्याआधीच डॉक्टरांना विचारून घ्यावे.

डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी किंवा अचानक चक्कर आली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता ताबडतोब रुग्णालय गाठावे. अनेकदा पोट आधी दुखतही नाही. थेट रक्तस्रावच होतो.